ओढ आणि गोडी

‘डोपामिन म्हणजे आनंदाचे रसायन’ हे वाक्य वर्तमानपत्रांच्या आरोग्य-पुरवण्यांत, पालकसभांत आणि मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींत इतक्या वेळा कानावर पडते की ते चुकीचे आहे असे म्हणणाराच आता विक्षिप्त ठरतो. मेंदूतल्या एका रसायनाचे नाव चुकले एवढ्यावर भागले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु या वाक्याच्या पोटात एक मोठा गैरसमज दडलेला आहे: माणूस ज्याच्यामागे धावतो ते त्याला आवडत असलेच पाहिजे, आणि ज्याच्याकडे तो वळत नाही ते त्याला आवडत नसणार. एखादी गोष्ट हवीशी वाटणे, तिच्याकडे मन खेचले जाणे, याला येथे ओढ म्हणू. ती हाती आल्यावर प्रत्यक्ष जो आनंद होतो त्याला गोडी म्हणू. बहुतेक वेळा दोन्ही जोडीने चालतात, म्हणूनच त्या एकच आहेत असा भास होतो.

गोडीबद्दल फार सांगण्याची गरज नाही. उन्हातून आल्यावर घेतलेला कोकम सरबताचा पहिला घोट, मैफिलीत मनाजोगती लागलेली सम, पहिल्या पावसात चिंब झालेली मरीन ड्राइव्ह, यांचा अनुभव प्रत्येकाला आहे. गोडी त्या क्षणी असते आणि क्षणाबरोबर ओसरते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. खरी अडचण ओढीची आहे.

गोंधळाची सुरुवात 1954 मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात झाली. जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि खटका दाबला की त्या जागी सौम्य विद्युतप्रवाह मिळेल अशी व्यवस्था केली. उंदीर खटका दाबत राहिले. पुढच्या प्रयोगांत तर तासाला हजारो वेळा. मेंदूतले ‘आनंदकेंद्र’ सापडले, असा निष्कर्ष निघाला आणि तो जगभर पसरला. पुढे मेंदूतल्या या यंत्रणेत डोपामिनचा मोठा वाटा असल्याचे दिसल्यावर आनंदाचे श्रेयही त्यालाच मिळाले. मात्र या प्रयोगात प्रत्यक्ष दिसले होते ते एवढेच की उंदीर पुन्हापुन्हा खटका दाबतो. दाबताना त्याला बरे वाटते की नाही, हे कोणी तपासलेच नव्हते. वारंवार करतो, म्हणजे सुखावत असणार, ही जोड पाहणाऱ्यांनी आपल्या मनाने दिली होती.

ही जोड तोडून दाखवली मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांनी. उंदराला सुख झाले हे ओळखायचे कसे, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर चेहऱ्यात आहे. साखरेच्या पाण्याचा थेंब तोंडात पडला की उंदीर लयीत जीभ बाहेर काढून ओठ चाटतो. कडू क्विनाइन पडले की तोंड वासतो आणि डोके झटकतो. तान्ही बाळेही गोड आणि कडू चवीला जवळजवळ असाच प्रतिसाद देतात, हे कोणत्याही आजीला ठाऊक असते. बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये ज्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांच्या मेंदूतले डोपामिन जवळजवळ पूर्णपणे नष्ट करण्यात आले होते. समोर अन्न असूनही हे उंदीर खात नसत. नळीने भरवले नसते तर उपाशी मेले असते. डोपामिन हे आनंदाचे रसायन असते, तर त्यांना साखर बेचव लागायला हवी होती. पण तोंडात थेंब सोडताच ते पूर्वीसारखेच ओठ चाटू लागले. गोडी शाबूत होती. गेली होती ती अन्नापर्यंत चार पावले चालत जाण्याची ओढ.

उलट दिशेनेही हेच दिसले. मेंदूतल्या ठराविक जागी विद्युतप्रवाह दिला की उंदीर अधाशासारखे खातात, पण खाताना ओठ चाटणे वाढत नाही. गोडीची म्हणून जी केंद्रे सापडली ती अगदी लहान, उंदराच्या मेंदूत घन मिलिमीटरभर आकाराची आहेत, आणि तेथे चालते ती मुख्यतः मेंदूतच तयार होणाऱ्या अफूसदृश रसायनांची सत्ता. ओढीचे जाळे त्या मानाने विस्तीर्ण आणि दणकट आहे. मनुष्यस्वभावाबद्दलच्या अनेक तक्रारींचे मूळ मला या विषमतेतच दिसते.

ओढ नेमकी केव्हा पेटते, हेही पाहण्यासारखे आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या डोपामिन-पेशींची नोंद घेतली, तेव्हा आधी अवचित मिळालेल्या फळाच्या रसाला त्या पेशी प्रतिसाद देत होत्या. रस येण्याआधी खुणेचा दिवा लागतो, हे माकड शिकल्यावर मात्र पेशी दिव्यालाच पेटू लागल्या आणि ठरलेला रस मिळाल्यावर गप्प राहू लागल्या. ओढ अशी खुणेला चिकटते. ठाणे स्थानकाबाहेर कढईत वडा पडल्याचा चर्र आवाज आणि आले-लसणाचा वास आला की भूक नसलेल्याचीही पावले मंदावतात. तोच माणूस दुसऱ्या वाटेने गेला असता तर त्याला वड्याची आठवणही झाली नसती.

आता संध्याकाळच्या कल्याण फास्टमध्ये उभे राहून शेजारच्याचा मोबाइल न पाहता त्याचा चेहरा पाहावा. दादर सुटल्यापासून अंगठा वर सरकतो आहे, एकही चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली जात नाही, भुवई हलत नाही, ओठांचा कोपरा हलत नाही. कधीतरी एखादे हसू उमटते आणि ते मावळण्याआधीच अंगठा पुढे गेलेला असतो. उंदराच्या जिभेला जो न्याय लावला तो येथे लावला, तर या पाऊण तासात गोडीची नोंद दोन-तीन क्षणांची होईल आणि ओढीची अखंड. अशा माणसाला ‘मजा मारतोय’ म्हणून हिणवणे जितके चूक, तितकेच ‘डोपामिन डिटॉक्स’ नावाचा नवा उपवास करायला लावणे हास्यास्पद. डोपामिन हे काही शरीरात साचलेले विष नव्हे. ते निघून गेले तर माणसाची हालचालच अडेल, कारण कंपवातात (पार्किन्सन्स) मेंदूतल्या त्याच रसायनाची कमतरता असते. त्या उपवासाचा थोडाफार गुण येत असेलच, तर फोन दुसऱ्या खोलीत राहिल्याने खूण नजरेआड होते म्हणून.

कंपवाताचाच पुरावा माणसांच्या बाबतीत सर्वांत बोलका आहे. डोपामिनची नक्कल करणारी काही औषधे घेणाऱ्या रुग्णांपैकी काहींना जुगाराची, खरेदीची किंवा खाण्याची अनावर ओढ लागते, आणि औषध कमी वा बंद केले की ती बहुधा ओसरते. बेरिज आणि त्यांचे सहकारी टेरी रॉबिन्सन यांनी 1993 मध्ये व्यसनाची जी उपपत्ती मांडली तिचा गाभाही हाच: व्यसनात ओढ वर्षानुवर्षे तीव्र होत जाते, गोडी मात्र वाढत नाही, उलट बहुधा कमी होते. ‘त्यात तुला मिळते तरी काय?’ हा घरच्यांचा प्रश्न म्हणून निरुत्तर राहतो. फारसे काही मिळत नाही, हे व्यसनी माणसाला त्यांच्याआधी कळलेले असते.

ओढ आणि सवय यांतला फरक त्या मानाने किरकोळ आहे: सवयीने हात आपोआप दिव्याच्या बटणाकडे जातो, तेथे हवेसे वाटण्याचा प्रश्नच नसतो. निश्चयही वेगळा. मुंबई मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ चढणाऱ्या धावपटूला त्या घटकेला ना ओढ असते ना गोडी. तो महिन्यांपूर्वी केलेल्या ठरावाच्या बळावर पाय उचलत असतो.

खेळाचा विषय निघालाच आहे, तर ‘आवड असल्याशिवाय कोणी एवढा मोठा होत नाही’ हे व्यासपीठांवरचे लाडके वाक्यही तपासून घ्यावे. आठ ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदे मिळवणाऱ्या आंद्रे अगासीने 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आपण टेनिसचा द्वेष करत होतो, असे स्वच्छ लिहिले आहे. तरीही तो वीस वर्षे व्यावसायिक टेनिस खेळला. वडिलांचा धाक, पराभवाची धास्ती, दुसरे काहीच येत नसल्याची जाणीव अशी कारणे त्यामागे होती. गोडी त्या यादीत फार खाली येते.

तत्त्वज्ञांमध्ये जेरेमी बेंथम यांनी 1789 मध्ये सुख आणि दुःख हे माणसाचे दोन सार्वभौम धनी ठरवले, आणि ओढ व गोडी एकाच दावणीला बांधल्या गेल्या. त्यांच्या कितीतरी आधी प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये लिओंटिअसची गोष्ट सांगितली होती. पिरियस बंदरातून अथेन्सकडे येताना भिंतीबाहेर वधस्थळी पडलेली प्रेते त्याला दिसतात. पाहावेसे वाटते आणि किळसही येते. तो तोंड झाकून घेतो, स्वतःशी झगडतो, शेवटी डोळे फाडून प्रेतांकडे धावतो आणि आपल्याच डोळ्यांना शिव्या देत म्हणतो, घ्या, पोटभर पाहून घ्या. प्लेटोला यातून संताप आणि वासना हे मनाचे निरनिराळे भाग आहेत असे दाखवायचे होते. माझ्या लेखी मात्र गोडीचा लवलेश नसलेल्या ओढीचे याहून नेमके चित्र दुसरे नाही.

आपल्याकडे हा विषय निघाला की ययातीचे नाव येतेच आणि ‘न जातु कामः कामानामुपभोगेन शाम्यति’ (उपभोगाने इच्छा कधीच शमत नाही) हा महाभारताच्या आदिपर्वातला श्लोक उद्धृत होतो. त्यावरून उपभोगातले सुखच खोटे, असा अर्थ सर्रास काढला जातो. मला तो मान्य नाही. पुरूचे तारुण्य परत करताना ययाती आधी सांगतो की मी मनसोक्त, उत्साहाने आणि योग्य काळी विषय भोगले. गोडी त्याने नाकारलेली नाही. तुपाच्या आहुतीने अग्नी वाढावा तशी वाढत गेली ती इच्छा, असे तो म्हणतो. श्लोकाचा विषय ओढ आहे.

या गल्लतीची दुसरी बाजू अधिक जिव्हारी लागणारी आहे, आणि तिची चर्चा फारच कमी होते. ओढ आटते, गोडी मात्र शिल्लक असते, असेही घडते. नैराश्यातला माणूस शिवाजी मंदिरच्या नाटकाला ‘नको, इच्छा नाही’ म्हणतो, आणि घरचे समजतात की त्याला आता नाटक आवडत नाही. काही दिवसांनी तोही तसेच समजू लागतो. तिकीट काढून कोणी सोबत नेले तर दुसऱ्या अंकात तो खळखळून हसण्याची शक्यता असते. सर्वांच्या बाबतीत असे होत नाही. काहींची गोडीही खरोखर मावळलेली असते. ते घरबसल्या ठरवता येत नाही. म्हणूनच नैराश्यावरच्या एका प्रचलित उपचारपद्धतीत इच्छा होण्याची वाट न पाहता लहानलहान गोष्टी वेळापत्रकात लिहून पार पाडायला सांगतात, आणि प्रत्येकीपुढे ती करताना प्रत्यक्ष किती बरे वाटले याचा आकडा टिपायला लावतात. करण्यापूर्वी वाटलेला अंदाज तेथे ग्राह्य धरला जात नाही.