काळ्या रंगावरची कोळिष्टकं

काळी गाडी धुऊन झाली, पाणी अजून निथळतंय, त्या दोन-तीन मिनिटांत ती अगदी शोरूममधून आल्यासारखी दिसते. मग ती सुकते, ऊन पडतं आणि बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोलगोल रेघांचं जाळं उमटतं. या रेघा म्हणजे स्वर्ल मार्क. त्या सुकताना पडलेल्या नसतात. पाणी असतानाही त्या तिथंच होत्या, फक्त दिसत नव्हत्या. त्या का दिसत नव्हत्या हे समजलं की पॉलिशच्या धंद्यातली निम्मी जादू उघडी पडते.

गाडीच्या रंगावर सगळ्यात वर पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास, हवेचा १. सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश या दोघांच्या सीमेवरून परततो. पृष्ठभाग सपाट असेल तर तो सगळा एकाच दिशेनं परततो आणि आपण त्याला चकाकी म्हणतो. चऱ्याच्या उतरत्या भिंतींवरून मात्र तो भलतीकडे फेकला जातो. आता त्या चऱ्यात पाणी भरा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे क्लिअर कोटच्या बराच जवळ. भिंतीवरून परतणारा प्रकाश ०.४ टक्क्यांच्याही खाली येतो. शिवाय पाण्याचा वरचा पृष्ठभाग गुळगुळीत. चरा तिथंच असतो, पण दिसत नाही. पॉलिशमधली तेलं तर १.५ च्या आणखी जवळ असतात आणि पाण्यासारखी दहा मिनिटांत उडून जात नाहीत. पाच मिनिटं कापड फिरवून ‘ओरखडे गायब’ करणाऱ्या बाटल्यांचं गुपित बहुतेक वेळा एवढंच असतं. दोन-चार धुण्यांत तेल निघून जातं आणि जाळं परत येतं.

आणखी एक गंमत: हे चरे गोल नसतातच. ते सरळ, आखूड, हव्या त्या दिशेनं गेलेले असतात. प्रत्येक चरा प्रकाश पसरवतो तो आपल्या लांबीला काटकोनात. त्यामुळे हजारो चऱ्यांपैकी जे प्रतिबिंबाला वळसा घालणाऱ्या दिशेनं पडलेले आहेत, तेवढेच आपल्या डोळ्यांपर्यंत चमक पोचवतात आणि सगळे मिळून वर्तुळाचा आभास करतात. मोबाइलचा टॉर्च पत्र्यापासून हातभर अंतरावर धरून हळूहळू सरकवला, की वर्तुळंही त्याच्याबरोबर सरकतात. खरी वर्तुळं जागची हलली नसती.

काळ्या गाडीला चरे जास्त पडतात असं नाही. पांढऱ्या गाडीवरही तेवढेच असतात, पण पांढरा रंग स्वतःच बहुतेक प्रकाश सगळीकडे उधळत असतो, त्या झगमगाटात चऱ्यांची चमक हरवते. काळा रंग जवळजवळ सगळा प्रकाश गिळतो. काळोख्या पार्श्वभूमीवर उरतात त्या फक्त चऱ्यांच्या रेघा.

किती जाडी हाताशी आहे

पत्र्यापासून वर मोजत गेलं तर आधी गंजरोधक थर सुमारे २० मायक्रॉन, मग प्रायमर ३० ते ४०, त्यावर रंगाचा थर १५ ते २० आणि सर्वांत वर क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे ज्या थरावर सगळा खेळ चालतो तो केसाच्या निम्म्या-पाऊण जाडीचा. स्वर्लचे चरे बहुधा दोन-तीन मायक्रॉनपेक्षा खोल नसतात.

चरा ‘काढता’ येत नाही. तो खड्डा आहे. खड्डा काढायचा म्हणजे आजूबाजूची सगळी जमीन त्याच्या तळापर्यंत खाली आणायची. दोन मायक्रॉनचा चरा घालवायला दोन मायक्रॉन क्लिअर कोट कायमचा जातो. कंपाउंडच्या, म्हणजे जाडसर कणांच्या घासणाऱ्या पॉलिशच्या, एका पूर्ण फेरीत साधारण एक ते तीन मायक्रॉन निघतात, फिनिशिंगच्या, म्हणजे बारीक पॉलिशच्या, फेरीत एकाहून कमी. अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्यं याच थरात असतात, त्यामुळे गाडीच्या उभ्या आयुष्यात आठ-दहा मायक्रॉनपेक्षा जास्त खर्चू नयेत. जास्त घासलं तर लगेच काही दिसत नाही. दोन-तीन उन्हाळ्यांनी छतावर आणि बॉनेटवर पांढुरके डाग पडून क्लिअर कोट सोलायला लागतो. त्यावर पॉलिश चालत नाही, तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो.

म्हणून जाडी मोजायचं यंत्र जवळ असलेलं बरं. लोखंडी पत्र्यावर ते चुंबकीय पद्धतीनं आणि अ‍ॅल्युमिनियमवर भोवरी प्रवाहांनी मोजतं. प्लास्टिकच्या बंपरवर साधं यंत्र चालत नाही. ते सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, एकट्या क्लिअर कोटची नाही. तरी प्रत्येक भागावर पाच-सहा ठिकाणी मोजलं की अंदाज येतो. सगळीकडे ११० ते १३० आणि एका दरवाज्यावर २५०, तर तो दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे. कुठे ८० च्या आत आकडा आला, तर तिथे आधीच कुणीतरी भरपूर घासलं आहे. ती जागा फक्त हलक्या फिनिशिंगपुरती.

कोणता चरा पॉलिशनं जाईल हे ठरवायला मात्र यंत्र लागत नाही. ओलं बोट चऱ्यावरून फिरवा. पांढरी रेघ पूर्ण नाहीशी झाली तर चरा क्लिअर कोटमध्येच आहे. ओली असतानाही दिसत राहिली तर तो रंगात किंवा त्याखाली गेला आहे. राखाडी दिसला तर प्रायमर, चकचकीत दिसला तर उघडा पत्रा. मग नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो चरा पूर्ण घालवण्याचा हट्ट सोडायचा. त्याच्या धारदार कडा पॉलिशनं गोलसर होतात, प्रकाश कमी विखुरतात आणि चार पावलांवरून तो दिसेनासा होतो. तेवढ्यावर समाधान मानणं शहाणपणाचं.

तयारी

मशीन लावण्याआधी पृष्ठभागावर काही चिकटलेलं राहता कामा नये, नाहीतर तेच कण पॅडखाली सापडून नवे, जास्त खोल चरे पाडतात. शाम्पूनं धुवा. मग ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण विरघळवणारं आयर्न रिमूव्हर मारा. ते लोखंडाशी संयोग पावून जांभळं होतं आणि ओघळतं. सुकू न देता धुऊन टाका. डांबराचे ठिपके वेगळ्या द्रावकानं. त्यानंतरही हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून फिरवली की खरखर लागते. ती क्ले बारनं, म्हणजे चिकणमातीसारख्या मऊ वडीनं काढायची, भरपूर वंगण मारून आणि सरळ रेषेत. क्ले जमिनीवर पडली की सरळ कचऱ्यात. क्लेनंही थोडे ओरखडे पडतात, पण पुढे पॉलिश होणारच असल्यानं चालतं.

मग मास्किंग टेप. रबर आणि खरखरीत काळं प्लास्टिक झाकायचं, कारण त्यात शिरलेलं कंपाउंड पांढरं वाळतं आणि निघता निघत नाही. पत्र्याच्या धारा आणि उठावदार रेषा झाकायच्या त्या वेगळ्या कारणानं: रंग ओला असताना पृष्ठताणामुळे तो धारेपासून मागे सरकतो, म्हणजे थर सगळ्यात पातळ तिथेच असतो. मशीनचा दाबही नेमका त्याच धारेवर एकवटतो. पॉलिश करताना रंग उडाल्याच्या बहुतेक घटना धारेवरच्या असतात.

मशीन

रोटरी मशीनमध्ये पॅड एकाच आसाभोवती फिरतं. ते झपाट्यानं कापतं, तापतं आणि सरावाचा हात नसेल तर होलोग्राम सोडतं, म्हणजे उन्हात सरकणारे धूसर पट्टे. नवख्यानं ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घ्यावं. त्यात पॅड केंद्राबाहेरच्या आसावर मोकळं बसवलेलं असतं. ते झोके घेत घेत स्वतःभोवती फिरतं. जास्त दाबलं किंवा धारेवर गेलं तर फिरणं थांबतं, त्यामुळे मोठी चूक होणं अवघड. सपाट भागासाठी १५ मिमी झोक्याचं मशीन आणि १२५ मिमीची बॅकिंग प्लेट (पॅड जिच्यावर बसतं ती तबकडी) पुरते. २१ मिमीचं मशीन छतावर पटापट चालतं, पण वळणदार बंपरवर अडतं. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करनं एक जाड रेघ ओढून ठेवा. रेघ फिरताना दिसली पाहिजे. ती थरथरत एकाच जागी राहिली, तर पॅड नुसतं थरथरतंय आणि कापत नाहीये.

पहिला प्रयोग एकाच ४० × ४० सेंमीच्या चौकोनावर, आणि तो सगळ्यात सौम्य जोडीनं: मऊ फोम आणि बारीक पॉलिश. चरे राहिले तर तेच पॉलिश थोड्या कडक फोमवर. तरी राहिले तर कंपाउंड. त्यानंतरच मायक्रोफायबरचं पॅड. कारखान्यागणिक क्लिअर कोटचा कडकपणा इतका बदलतो की एका गाडीचा अनुभव दुसरीला लागू पडेलच असं नाही. ही चढती तपासणी टाळून थेट लोकरीचं पॅड लावणं हा उतावळेपणा, आणि त्याची किंमत मायक्रॉनमध्ये मोजावी लागते.

नव्या पॅडच्या सगळ्या तोंडावर कंपाउंडचा पातळ हात द्या, मग वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. जास्त घातलं तर पॅड घसरत राहतं आणि फोम चिकट होतो. मशीन बंद असतानाच पॅड पत्र्यावर टेकवायचं, नाहीतर शिंतोडे छतापर्यंत उडतात. वेग १ वर ठेवून चौकोनात पसरवा, मग ४ किंवा ५ वर न्या. हात सेकंदाला तीन ते पाच सेंटीमीटर, एवढाच हलला पाहिजे. बघणाऱ्याला कंटाळा येईल इतका सावकाश. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर चढवत आधी आडवी फेरी, मग उभी. अशा चार फेऱ्या. दाब सुमारे पाच किलो. त्याचा अंदाज घ्यायला बंद मशीन एकदा वजनकाट्यावर दाबून बघावं. शेवटच्या फेरीला दाब सोडून फक्त मशीनचं वजन राहू द्या.

पॅड पूर्ण टेकलेलं हवं, जरासुद्धा तिरकं नको. मधूनमधून पत्र्यावर तळहात ठेवा. टेकवून ठेवता येत नसेल इतका तापला तर थांबा. काळी गाडी उन्हात तशीच तापलेली असते, म्हणून हे काम सावलीत, गार पत्र्यावरच. प्लास्टिकचा बंपर उष्णता पसरवत नाही, तिथे आणखी जपून.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशनं झटका. निघालेला क्लिअर कोट आणि झिजलेलं कंपाउंड फोममध्ये गोळा होतं, त्याच्या गाठी बनतात आणि त्या गाठी नवे चरे पाडतात. चार-पाच चौकोनांनंतर पॅड बदला. एका गाडीला बरेच पॅड लागतात, एकात भागवू नये.

आता हिशेब करा. मध्यम गाडीचा रंगवलेला भाग आठ-नऊ चौरस मीटरच्या घरात जातो, म्हणजे असे पन्नासेक चौकोन. पुसणं-झटकणं धरून एकाला पाच मिनिटं, तर एकाच टप्प्याला चार तासांहून जास्त. तासाभरात सगळी गाडी ‘स्क्रॅच-फ्री’ करून मिळत असेल, तर चरे भरले गेलेत, काढलेले नाहीत.

खरं-खोटं करायला पुसणी लागते. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि शुद्ध पाणी चार भाग मिसळा, फवारा, स्वच्छ मायक्रोफायबरनं टिपा आणि टॉर्च लावा. तेल गेल्यावर जे दिसतं तोच खरा निकाल. रंग नुकताच दिलेला असेल तर अल्कोहोल लावू नका. असा रंग अजून पुरता पिकलेला नसतो.

काळ्या रंगावर इथेच बहुतेकांचा हिरमोड होतो. चरे गेलेले असतात, पण काळा रंग काळा न दिसता धुरकट दिसतो. कंपाउंडच्या कणांनी स्वतःचे असंख्य सूक्ष्म ओरखडे सोडलेले असतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन, ओरखडे त्याहून बरेच बारीक झाले की प्रकाश त्यांची फारशी दखल घेत नाही. तेवढ्यासाठी दुसरा टप्पा: सर्वांत मऊ फोम, फिनिशिंग पॉलिश, वेग ३, दाब नाही. तरीही धूर राहिला तर आधी पॅड बदलून बघा, मग थेंब थोडे वाढवा. कोरडं पॅड हे धुरकटपणाचं नेहमीचं कारण.

रंगात उतरलेल्या चऱ्याला टच-अप. अल्कोहोलनं तेल काढून अगदी बारीक कुंचल्यानं, फक्त चऱ्याच्या आत, पातळ थर देत जायचे. रंग वाळताना बसतो म्हणून दोन-तीन थर लागतात. वर क्लिअर. पुरतं कडक झाल्यावर २००० नंबरच्या पॉलिश पेपरनं, पाणी सोडत, फक्त उंचवटा उतरवायचा आणि मग कंपाउंड. या पेपरचा कण सुमारे १० मायक्रॉनचा असतो; शेजारच्या क्लिअर कोटवर तो दोन-चार हात जास्त फिरला तरी महागात पडतं.

शेवटी वॅक्स, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग. सिरॅमिकनं पाणी आणि घाण कमी चिकटते. धुतानाच्या ओरखड्यांपुढे मात्र तो एखाद-दोन मायक्रॉनचा थर फारसा टिकत नाही. ओरखडे खरोखर अडवते ती पीपीएफ, १५०-२०० मायक्रॉनची पॉलियुरेथेनची फिल्म.

जाळं पुन्हा पडतं ते जवळजवळ नेहमी धुताना आणि पुसताना. धुळीत क्वार्ट्झ असतं, मोहस मापावर त्याची कठिणता ७. क्लिअर कोट त्यापुढे लोण्यासारखा. सगळ्यात वाईट सवय म्हणजे सकाळी कोरड्या फडक्यानं किंवा झटकणीनं धूळ पुसणं. आधी फेस मारून पाच मिनिटं निथळू द्या, मग पाणी. दोन बादल्या ठेवा, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मिट, म्हणजे धुण्याचा हातमोजा, प्रत्येक वेळी आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत. वरून खाली या; चाकांजवळचा खालचा पट्टा सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या मिटनं. हात सरळ रेषेत फिरवा. चरे टळत नाहीत, पण सगळे एकाच दिशेनं पडले तर ते एकाच कोनातून दिसतात. सुकवताना घासू नका, जाड मायक्रोफायबर पत्र्यावर अंथरा आणि टिपा. ते हातातून जमिनीवर पडलं तर झटकून वापरू नका, बाजूला ठेवा आणि दुसरं घ्या.