डब्यावरचे ८०० वॅट

मागच्या पावसाळ्यात माझा एक मित्र बेस गिटारचा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज स्पीकरसाठी मोठा करणारा डबा, काखोटीला मारून घरी आला. तो एका बँडमध्ये बेस वाजवतो. ॲम्प जेमतेम अडीच किलोचा आणि पुढच्या पट्टीवर ठळक आकडा, ८०० वॅट. त्याने तो टेबलावर उलटा केला आणि पॉवर केबलच्या खाचेशेजारची बारीक अक्षरं मला वाचायला लावली: २३० व्होल्ट, ७५ वॅट.

"पंच्याहत्तर आत जातात आणि आठशे बाहेर येतात? हे कसं काय रे?"

प्रश्न रास्त होता. ऊर्जा कुठूनही आपोआप उगवत नाही, हे शाळेत सगळेच शिकतात. मग दोनपैकी एक आकडा खोटा असला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मोजून बघू, असं ठरलं.

ॲम्प मोजताना त्याला स्पीकर जोडत नाहीत, डमी लोड जोडतात. माझ्याकडे ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीवर बसवलेले ४ ओहमचे दणकट रेझिस्टर आहेत (ओहम हे रोधाचं, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). ते आवाज करत नाहीत, फक्त तापतात. समोर टेबलफॅन लावला, ॲम्पमध्ये एक साधी, एकसारखी वरखाली होणारी लहर सोडली आणि व्हॉल्यूम हळूहळू वाढवत नेला. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर लहर उंच होत गेली, आणि एका टप्प्यावर तिचे माथे सुरीने छाटावेत तसे सपाट झाले. यालाच क्लिपिंग म्हणतात. इथून पुढे ॲम्प मूळ लहर जशीच्या तशी मोठी करू शकत नाही. बटण किंचित मागे घेतलं आणि मीटर पाहिला. ४० व्होल्ट. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, म्हणजे १६०० भागिले ४. ४०० वॅट.

मित्राने वहीत आकडा लिहिला. लिहून होतो न होतो तोच पडद्यावरची लहर आपोआप बुटकी झाली. आम्ही कशालाही हात लावला नव्हता. आठ-दहा सेकंद पूर्ण जोर लावल्यावर आतल्या संरक्षक सर्किटने ॲम्पला आवरलं होतं. आता मीटरवर २८ व्होल्ट होते, म्हणजे १९६ वॅट. रेझिस्टरवरची धूळ तापल्याचा वास खोलीत पसरला होता.

म्हणजे एकाच डब्याचे चार आकडे झाले: ८००, ४००, जवळपास २०० आणि ७५.

८०० कुठून आले, ते वहीतच सापडलं. आपल्या मीटरने दाखवलेले ४० व्होल्ट हे एक प्रकारच्या सरासरीचे, म्हणजे आरएमएस व्होल्ट. पण लहर सतत वरखाली होत असते आणि तिचं टोक त्याहून उंच असतं, ४० व्होल्टच्या लहरीत साधारण ५६.६ व्होल्ट. त्या टोकाच्या एका क्षणाची शक्ती काढली, की बरोबर ८०० वॅट येतात. साध्या लहरीत टोकाची शक्ती ही सरासरीच्या नेमकी दुप्पट असते, हे गणितच आहे. पुढच्याच क्षणी लहर शून्यावर येते आणि शक्तीही शून्य होते. त्या डोळ्याची पापणी लवायलाही न पुरणाऱ्या टोकाचा आकडा पट्टीवर छापला होता, आणि तो टोकाचा आहे हे सांगणारा शब्द मात्र छापला नव्हता. (जाता जाता, 'आरएमएस वॅट' हा दुकानात रुळलेला शब्दही तसा चुकीचाच. आरएमएस काढतात ते व्होल्टेजचं. त्यावरून जी शक्ती येते ती साधी सरासरी शक्ती.)

४०० आणि २०० यांच्यातला फरक समजायला बैल बरा. घाटात बैलगाडा शर्यतीची बारी काही सेकंदांत संपते. त्या काही सेकंदांत बैल जो जोर लावतो तो बघून कोणी असं म्हणत नाही, की हा आता दिवसभर याच जोराने नांगर ओढेल. घोड्याच्या बाबतीत तर याचा हिशेबही झाला आहे. १९९३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या टिपणानुसार घोडा काही सेकंदांपुरता १५ अश्वशक्तीच्या जवळ पोचू शकतो. दिवसभराच्या कामात मात्र तो एका अश्वशक्तीच्या आसपासच राहतो. दोन्ही आकडे खरे आहेत. किती वेळ, हे सांगितल्याशिवाय दोन्ही निरुपयोगी आहेत.

मग सलग २०० वॅट देणाऱ्या ॲम्पला ४०० म्हणणं लबाडी आहे का? माझ्या मते नाही, आणि याचं कारण संगीतात आहे. बेसची तार छेडली की पहिल्या ठोक्याला मोठा झटका येतो आणि मग स्वर विरत जातो. गाणं सलग चालू असलं तरी ॲम्पवर सरासरी भार टोकाच्या मानाने फार थोडा पडतो. पूर्ण जोर लागतो तो क्षणभर, पुन्हा क्षणभर. आजचे हलके ॲम्प हेच हेरून बनवतात. ते क्लास डी पद्धतीचे असतात. त्यातले ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा नुसते चालू-बंद होतात, अर्धवट उघडे राहून तापत बसत नाहीत, आणि त्यामुळे आत गेलेल्या विजेतली ९० टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचते. अडीच किलोत हे बसतं ही खरोखर मोठी कारागिरी आहे, आणि म्हणूनच तिच्यावर खोटा आकडा चिकटवलेला पाहिला की मला वाईट वाटतं. ४०० छापले असते तरी तो ॲम्प चांगलाच होता.

मागच्या ७५ चं गूढही इथेच सुटतं. विजेवर चालणाऱ्या ध्वनी-उपकरणांच्या सुरक्षेचं आयईसी ६००६५ हे आंतरराष्ट्रीय मानक होतं. त्यात ॲम्पची चाचणी पूर्ण शक्तीवर घेत नाहीत, क्लिपिंगच्या आधीच्या शक्तीच्या एक अष्टमांशावर घेतात, कारण प्रत्यक्ष गाणं वाजताना सरासरी भार तेवढाच असतो असं धरलं आहे. मागच्या पट्टीवर विजेचा जो खप छापतात, तो बहुधा याच हिशेबाचा असतो. ४०० चा आठवा भाग ५०. त्यात ॲम्पच्या स्वतःच्या पोटाला लागणारी वीज मिळवा, की आकडा ७५ च्या घरात येतो. म्हणजे तो बारीक आकडा ॲम्पची कमाल ताकद सांगत नव्हता. पण वाचता आला असता, तर खरे वॅट ४०० च्या आसपास आहेत याची खूण त्याच्यातच होती.

"मग मला फसवलं की नाही फसवलं?" मित्राने विचारलं.

बेस वाजवणाऱ्यांमध्ये या प्रश्नावर दोन तट पडलेले मी अनेकदा पाहिले आहेत. एक तट म्हणतो, आठशेचे पैसे घेतले आणि चारशे दिले, दुसऱ्या कुठल्या धंद्यात हे चाललं असतं? एक लिटर म्हणून अर्धा लिटर दूध कोणी घेईल का? दुसरा तट म्हणतो, मला आकड्याशी काय करायचंय, माझा ॲम्प ड्रमच्या वर ऐकू येतो, बस्स. या दुसऱ्या तटातले काही जण आपण मोजलेले पैसे वाया गेले नाहीत हे स्वतःला पटवत असतात, हे खरं. पण बाकीच्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे, आणि ते नीट समजून घ्यायला हवं.

कान वॅट मोजत नाही. आवाज मोजतात डेसिबलमध्ये. शक्ती दुप्पट झाली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि ३ डेसिबल म्हणजे लक्ष दिलं तर जाणवणारा फरक. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. ४०० वॅटचा आवाज दुप्पट वाटायला हवा असेल, तर ४००० वॅट लागतील! तेव्हा ८०० ऐवजी ४०० मिळाले, तर मालकाच्या कानाला निम्मं काही हरवल्यासारखं वाटतच नाही. दुधाची उपमा इथे लंगडी पडते. वॅट निम्मे झाले तरी ऐकणाऱ्याचा पेला थोडासाच उणा होतो.

त्यात खालच्या स्वरांची गोष्ट आणखी वेगळी. बेसची सर्वांत जाड, ई स्वराची तार ४१ हर्ट्झवर कंप पावते. १९३३ मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं की माणसाचा कान सगळ्या स्वरांना सारखा जागा नसतो. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटायला ४० हर्ट्झच्या स्वराला ८० डेसिबलच्याही वर जावं लागतं. बेसवाल्याला गिटारवाल्यापेक्षा कितीतरी जास्त शक्ती लागते ती यामुळे. हीच गरज जाहिरातवाल्यांनी हेरली. सुरुवातीचे आकडे मात्र लहान होते. १९५२ मध्ये फेंडर कंपनीचा पहिला बेसमन ॲम्प आला तो २६ वॅटचा. १९६० मध्ये ॲम्पेग कंपनीचा बी-१५ आला २५ वॅटचा, आणि मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन त्यावर वाजवायचा. पुढे रॉकचे मंच मैदानांएवढे झाले आणि १९६९ मध्ये ॲम्पेगने एसव्हीटी आणला: ३०० वॅट, चौदा व्हॅक्यूम ट्यूब, नुसतं हेडच, म्हणजे स्पीकर सोडून ॲम्पचा डबाच, सुमारे ४० किलोचं. तो वाहून नेणाऱ्या माणसाला वॅट पाठीत जाणवायचे. आता वजन गेलं, आणि आकडा खरा आहे की नाही हे हाताला कळण्याची सोयही गेली.

घरगुती स्टिरिओच्या बाजारात हा गोंधळ अमेरिकेत साठच्या दशकातच माजला होता. क्षणिक टोकाचे वॅट, 'म्युझिक पॉवर', ज्याला जे सोयीचं ते छापत होता. शेवटी १९७४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला, की वॅट सांगायचे तर ते सलग चाचणीचे, आणि सोबत किती ओहमवर, कोणत्या हर्ट्झपासून कोणत्या हर्ट्झपर्यंत आणि किती विकृतीसह (म्हणजे मूळ लहर किती बिघडते) हेही सांगायचं. चाचणीआधी ॲम्प एक तास एक तृतीयांश शक्तीवर तापवायचा, अशीही अट होती. ही अट जाचक होती, कारण जुन्या पद्धतीचे ॲम्प पूर्ण जोरापेक्षा साधारण याच टप्प्यावर सगळ्यात जास्त तापतात. पुढे ती सैल केली. २०२४ मध्ये नियम पुन्हा सुधारला. पण हा नियम घरात गाणी ऐकण्याच्या ॲम्पसाठी आहे. वाद्यांचे ॲम्प त्याच्या बाहेर राहिले.

आपल्याकडे याचं भावंड बहुतेकांनी पाहिलं आहे. नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटरचे प्लास्टिकचे स्पीकर मिळायचे. खोक्यावर शेकडो वॅट पीएमपीओ (म्हणजे 'पीक म्युझिक पॉवर आउटपुट', क्षणिक टोकाचा आकडा), आणि आत चार्जरएवढा इवलासा अडॉप्टर. पीएमपीओची सर्वमान्य व्याख्या कधी झालीच नाही, त्यामुळे त्याला खोटं पाडण्याचीही सोय नव्हती.

म्हणून मित्राला मी सांगितलं ते असं. तुझ्या कानाचं फार नुकसान झालेलं नाही. नुकसान झालं ते शेजारच्या फळीवर ठेवलेल्या ॲम्पचं, ज्याच्यावर कोणीतरी प्रामाणिकपणे ४०० लिहिलं होतं आणि जो तू निम्मा समजून उचलला नाहीस. एकाने टोकाचा आकडा छापला की बाकीच्यांना दोनच वाटा उरतात: आपणही छापा, नाहीतर मागे पडा. याचा मला मनापासून राग येतो.

पण त्याची खरी अडचण वेगळीच निघाली. तालमीत आवाज पुरत नाही म्हणून तो हा ॲम्प विकून १५०० वॅटचा घ्यायला निघाला होता. "कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, कोणतं लावतोस?" मी विचारलं. बारा इंची एकच स्पीकर, ८ ओहमचा. म्हणजे तेच ४० व्होल्ट, पण १६०० भागिले ८. जो ॲम्प त्याला आठशेचा म्हणून विकला, त्यातून तो इतके दिवस फार तर २०० वॅट घेत होता.

यावर मोठा ॲम्प हा उपाय नाही. खालच्या स्वरांत स्पीकर आधी हरतो. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा, तर कागदाच्या कोनाला चौपट अंतर पुढेमागे जावं लागतं, आणि त्याला मर्यादा असते. उरलेले वॅट स्पीकरमधली तारेची कॉइल तापवण्यात जातात. लाऊडस्पीकर बनवणाऱ्यांच्या जगात जे. अँटन हॉफमन यांचा 'पोलादी नियम' प्रसिद्ध आहे: लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, यातलं कोणतंही दोन मागा, तिसरं सोडावं लागेल. त्याने लहान पेटी आणि खोल खर्ज मागितला होता.

पुढच्या रविवारी त्याने बँडमधल्या एकाकडून तसंच दुसरं कॅबिनेट मागून आणलं. दोन ८ ओहम समांतर जोडले की ४ ओहम होतात, म्हणजे शक्ती दुप्पट, ३ डेसिबल. दोन स्पीकर शेजारीशेजारी एका तालात हवा ढकलतात तेव्हा खालच्या स्वरांत आणखी ३ डेसिबल मिळतात. ॲम्प तोच, आणि ६ डेसिबल जास्त. खऱ्या हिशेबाने चौपट मोठा ॲम्प घ्यावा लागला असता तेवढ्यासाठी. त्याने ई ची तार मोकळी वाजवली आणि खिडकीची काच थरथरली.

ॲम्प विकायचा बेत त्याने सोडला. पुढच्या पट्टीवर आता पांढरी चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर त्याच्या हाताने लिहिलं आहे: ४ ओहम, ४०० वॅट थोडा वेळ, २०० सलग.