‘ढासळता किनारा’ चित्र घरी नेताना

या चित्रांत होड्या, नारळ, सूर्यास्त शोधू नका. चित्रं अमूर्त आहेत. आधार आहे रत्नागिरीकडच्या जांभ्याच्या कड्यांचा. तिथे वर टणक जांभा दगड, खाली मऊ माती. लाटा खालची माती पोखरतात, मग वरचा जांभा अधांतरी राहून तुटतो. चित्रातला आमचा थरही असाच ढासळतो.

६ मिमी एमडीएफवर (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी) जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, दोन हात, त्यावर मॉडेलिंग पेस्टचा, म्हणजे ॲक्रिलिकच्या घट्ट लेपाचा, ३ मिमी थर. वर साय धरली की कडेने पाण्याचा फवारा मारून खालचा ओला भाग पत्रीने (रंगकामाच्या पातळ सुरीने) खरवडतो. साय लोंबते, तुटते. ती कड तशीच वाळवतो. ३ मिमीपेक्षा जाड थर एकदम दिला, की वरचं आधी वाळतं, खालचं नंतर आकसतं आणि नको तिथे फाटतं. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तर हमखास. रंगांत मुख्यतः गेरू आणि पिवळी माती. जांभ्याचा तांबडेपणाही लोहाच्या ऑक्साइडचाच, आणि हे रंग उन्हाने सहसा उडत नाहीत.

‘तडा गेलाय’ असं वाटलं तर बोट हलकेच फिरवा. मुद्दाम ठेवलेल्या भेगेची कड घट्ट असते, आतही रंग आणि वार्निश असतं. कड उचललेली, आत पांढरं, खाली भुगा पडलेला: तो दोष. शंका असेल तर शेजारी पट्टी धरून फोटो काढा, महिन्याने पुन्हा काढा. भेग वाढली असेल तर कळवा.

दोन बाय तीन फुटांचं चित्र पाचेक किलोचं होतं, तेव्हा एका खिळ्यावर नको. प्लग ठोकून दोन स्क्रू. ओल येणारी भिंत टाळा, मागे चारही कोपऱ्यांत फेल्टच्या टिकल्या लावा. कूलरच्या झोतासमोर तर मुळीच नको: ओलाव्याने एमडीएफ फुगतं, तुषार उडाले तर बोअरच्या पाण्यातले क्षार पांढरे डाग सोडतात. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटका. ओलं फडकं आणि काच पुसायचा स्प्रे लांब ठेवा.

उन्हाळ्यात ट्रॅव्हल्सच्या डिकीतून नेणार असाल तर आधी बटर पेपर, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. गरमीत ॲक्रिलिक मऊ पडतं आणि फुग्यांचे गोल ठसे कायमचे उमटतात.

तुकडा गळालाच तर पुडीत जपून ठेवा. फेव्हिकॉलने चिकटवू नका. वाळल्यावर चकाकी राहते, ती मॅट पृष्ठभागावर झाकता येत नाही.