ब्रेकचा लाल दिवा नेमकं काय पाहतो?

चावी फिरवली की डॅशबोर्डवर वर्तुळातलं उद्गारचिन्ह लाल होऊन विझतं. ब्रेक लावताना चाकाच्या तबकडीला घासणारे पॅड झिजले की हा दिवा लागेल, असं समजून बरेच जण निश्चिंत असतात. पण हा दिवा पॅडसाठी आलाच नव्हता. बहुतेक साध्या गाड्यांत तो आजही ब्रेक तेलाची पातळी पाहतो आणि पॅडची झीज त्याला आडवाटेने कळते.

ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गाडी घेऊन निघाल्या. वाटेत लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा त्यांनी चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकच्या अस्तराची सुरुवात इथूनच मानतात. १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी ब्रेकची अस्तरं बनवणाऱ्या फेरोडो कंपनीची सुरुवात केली आणि १९०८ पासून अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस आलं. ते उष्णतेला टिकायचं, पण त्याची धूळ फुप्फुसांत जाऊन कर्करोग होतो. युरोपीय संघात २००५ पासून त्यावर पूर्ण बंदी आहे. ब्रेकची धूळ कोणत्याही पॅडची असो, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने काढावी.

अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या ड्रम ब्रेकच्या (चाकातल्या गोल ड्रमला आतून अस्तर घासणाऱ्या ब्रेकच्या) काळात झीज पायालाच कळायची. हे अस्तर (लायनिंग) झिजलं की पेडल खाली जायचं, मग अ‍ॅडजस्टर आवळायचा. तरीही दुर्लक्ष झालं तर अस्तर बसवणाऱ्या रिव्हेटची डोकी ड्रमला घासून चरे पडायचे.

डिस्क ब्रेकने, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी दोन पॅडमध्ये चिमटणाऱ्या ब्रेकने, ही खूणच काढून घेतली. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं, पण त्यांचे तांब्याचे पॅड भयंकर किंचाळायचे. १९५३ मध्ये डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार ल मान्सची शर्यत जिंकली आणि १९५५ च्या सिट्रोएन डीएसला पुढे डिस्क आल्या. यात पॅड झिजेल तसा पॅड धरणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन (तेलाच्या दाबाने पॅड ढकलणारा दट्ट्या) आपोआप बाहेर सरकतो, म्हणून पेडलची उंची तशीच राहते. पॅड १० मिमीचा असो वा ३ मिमीचा, पायाला फरक जवळजवळ कळत नाही.

लाल दिव्याचा उगम मात्र वेगळ्याच अडचणीत आहे. पूर्वी ब्रेक तेलाचा एकच मार्ग असायचा. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जायचे. १९६२ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकने दोन स्वतंत्र मार्ग दिले आणि १९६८ पासून तिथे सरकारी नियमाने ब्रेक निकामी झाल्याचा दिवा आला. कारण एक मार्ग गेला तरी गाडी थोडीफार थांबते आणि चालवणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. दोन मार्गांतल्या दाबात फरक पडला की एक छोटा पिस्टन सरकून स्विच लावायचा. पुढे ते काम तेलाच्या डब्यातल्या तरंगत्या फ्लोटकडे गेलं.

त्यातून झीजही दिसू लागली. पॅड पातळ झाले की बाहेर आलेल्या पिस्टनमागची जागा तेलाने भरते आणि डब्यातली पातळी उतरते. दिवा आधी वळणावर किंवा उतारावर लुकलुकतो, कारण तेल एका बाजूला जातं. अशा वेळी नुसतं तेल भरून दिवा विझवणं ही मोठी चूक. आधी पॅड बघायचे, गळती बघायची. नाहीतर नवे पॅड घालताना पिस्टन मागे दाबला की तेल डब्याबाहेर येतं आणि डॉट ३, डॉट ४ या प्रकारचं ब्रेक तेल गाडीचा रंग उतरवतं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवावं.

पॅडसाठी खास दोन उपाय पुढे आले. एक म्हणजे पॅडला बसवलेली स्प्रिंगच्या पोलादाची पत्ती. साधारण २ ते ३ मिमी उरले की ती डिस्कला घासून चिरका आवाज करते. बऱ्याच स्वस्त पॅडना ती नसतेच. दुसरा उपाय पॅडमध्ये पुरलेल्या तारेचा: डिस्कने ती कापली की दोन्ही बाजूंना तुटक कंस असलेलं वर्तुळ पिवळं होतं. काही गाड्यांत हा सेन्सर पुढच्या एका आणि मागच्या एकाच चाकाला असतो. कापलेला सेन्सर बदलावाच लागतो. तारा जोडून दिवा विझतो, पण पुढची सूचना कायमची जाते.

म्हणून चाक काढून डोळ्यांनी बघण्याला पर्याय नाही. नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिमी मटेरियल असतं, ३ मिमी उरलं की एका अ‍ॅक्सलचे, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या दोन्ही चाकांचे, चारही पॅड बदलावेत. आतला पॅड जरूर बघा: कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना जाम झाल्या की तो आधी संपतो आणि व्हीलच्या फटीतून दिसतो तो फक्त बाहेरचा.

युरोपच्या युरो ७ नियमांत पहिल्यांदाच ब्रेकच्या धुळीला मर्यादा आली आहे: पेट्रोल-डिझेल कारसाठी दर किलोमीटरला ७ मिलिग्रॅम, इलेक्ट्रिकसाठी ३. इलेक्ट्रिक गाडीचा वेग मोटरच कमी करते, त्यामुळे पॅड वर्षानुवर्षं जाड राहतात. पण कमी वापराने डिस्क गंजते आणि पिना अडकतात, आणि हे यातला कोणताच दिवा दाखवत नाही. तिथे पिना काढून साफ करणं आणि उष्णता सोसणारं सिलिकॉन ग्रीस लावणं हेच खरं काम उरतं.