वेल्श दंतकथा आणि किशोर-कादंबऱ्यांतला काळप्रवास

‘मॅबिनोगी’ या मध्ययुगीन वेल्श कथासंग्रहातल्या एका कथेत आयर्लंडच्या युद्धातून सातच जण जिवंत परततात. सोबत राजा ब्रानचं छाटलेलं शिर, आणि ते शिर गप्पा मारतं. वेल्समधल्या हारलेखला सात वर्षं मेजवानी चालते. पुढे ग्वालेसच्या महालात ऐंशी वर्षं जातात, पण कुणी म्हातारं होत नाही, कुणाला दुःख आठवत नाही. मग एक जण कॉर्नवॉलच्या दिशेचं बंद दार उघडतो आणि गमावलेलं सगळं एकदम आठवतं. वेल्श दंतकथांवर बेतलेल्या काळप्रवासाच्या कादंबऱ्यांची खरी मुळं मला या दारात दिसतात. आधुनिक लेखकांना काळयंत्राची गरज पडली नाही, मूळ कथेतच काळ थबकतो.

‘मॅबिनोगी’च्या या कथा चौदाव्या शतकाच्या आसपासच्या हस्तलिखितांत टिकल्या. शार्लट गेस्ट यांनी १८३८ ते १८४९ दरम्यान त्यांचं इंग्रजी भाषांतर छापलं आणि आपल्या दोन लहान मुलांना अर्पण केलं. त्यातच त्यांनी टॅलिएसिनची कथा घेतली. जादूगारीण केरिडवेनची कढई ढवळणाऱ्या ग्विऑन या मुलाच्या बोटावर तीन थेंब उडतात, तो बोट तोंडात घालतो आणि सर्वज्ञ होतो. ती पाठलाग करते: तो ससा, ती शिकारी कुत्री, तो मासा, ती पाणमांजर, तो पक्षी, ती ससाणा, शेवटी तो गव्हाचा दाणा होतो आणि ती काळी कोंबडी होऊन त्याला गिळते. तिच्याच पोटी तो पुन्हा जन्मतो आणि कवी टॅलिएसिन होतो. ब्रानसोबत परतलेल्या सातांतही टॅलिएसिनचं नाव आहे, म्हणजे हा कवी मुळातच एका काळात मावणारा नाही.

१९६० नंतर लेखकांनी हे धागे उचलले. अ‍ॅलन गार्नर यांच्या १९६७ च्या कादंबरीत फुलांपासून घडवलेल्या ब्लोडेउवेद या स्त्रीची शोकांतिका आजच्या तीन मुलांच्या आयुष्यात पुन्हा घडू लागते. सुझन कूपर यांनी १९७५ मध्ये दंतकथेतल्या राजा आर्थरच्या मुलालाच विसाव्या शतकातल्या वेल्समध्ये आणलं. नॅन्सी बाँड यांच्या १९७६ च्या कादंबरीत आई गमावलेल्या पीटर या अमेरिकन मुलाला वेल्समधल्या बोर्थच्या किनाऱ्यावर हार्पच्या तारा जुळवायची जुनी किल्ली सापडते आणि टॅलिएसिनचं आयुष्य त्याला दिसू लागतं. जागेची निवड अचूक आहे. इथल्याच समुद्राखाली बुडालेलं राज्य असल्याची आख्यायिका आहे, आणि ओहोटीला वाळूतून हजारो वर्षांपूर्वीच्या झाडांचे बुंधे खरोखर वर येतात.