मत्स्यडिंभ : आहार व दृष्टी

मत्स्यडिंभ : आहार व दृष्टी. संवर्धनातील सागरी माशांच्या डिंभांना (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अपक्व पिल्लांना) आहारातून मिळणारी पोषकद्रव्ये आणि त्यांची दृष्टी व वाढ यांचा संबंध. या विषयावरील बहुतेक लेखन डोकोसाहेक्झेनोइक अम्ल (डीएचए) या एकाच मेदाम्लाभोवती फिरते.

पीतक (अंड्यातून सोबत आलेला अन्नसाठा) संपत आले की डिंभ भक्ष्य डोळ्यांनी हेरून टिपू लागतो. या वेळी बहुतेक सागरी जातींच्या दृष्टिपटलात फक्त शंकू पेशी असतात. अंधुक उजेडात उपयोगी पडणाऱ्या दंड पेशी मागाहून तयार होतात. दंड पेशींच्या पातळ आवरणांतील फॉस्फोलिपिडांत (फॉस्फरसयुक्त मेदांत) डीएचए विपुल असते.

गोड्या पाण्यातील मासे लिनोलेनिक अम्ल या वनस्पतिजन्य मेदाम्लापासून डीएचए बनवू शकतात, सागरी मासे नाहीत, ही विभागणी जुन्या ग्रंथांत सर्रास आढळते. ती आता जशीच्या तशी घेता येत नाही. सिगॅनस कॅनॅलिक्युलेटस या वनस्पतिभक्षी सागरी माशात डीएचए घडविणारे डेल्टा-४ विकर (एंझाइम) असल्याचे २०१० मध्ये दाखविण्यात आले. त्यामुळे पाण्याच्या खारेपणापेक्षा जातीच्या नैसर्गिक आहाराला महत्त्व देणारे मत अधिक सयुक्तिक वाटते. मांसभक्षी जातींना मात्र तयार डीएचए पुरवावे लागते.

अडचण जिवंत खाद्याची आहे. डिंभांना चारल्या जाणाऱ्या रोटिफर व आर्टेमिया या सूक्ष्म जलचरांत मुळात डीएचए नगण्य असते, म्हणून त्यांना आधी तैलपायस (पाण्यात मिसळलेले तेलाचे सूक्ष्म थेंब) किंवा सूक्ष्मशैवाल चारतात. नुकताच उबलेला आर्टेमिया काही खात नाही. कात टाकून दुसऱ्या अवस्थेत गेल्यावरच त्याचे पचनमार्ग खुले होतात, तोवर पायस टाकून उपयोग नसतो. पुढे हे डीएचए तो स्वतःच इकोसापेंटेनोइक अम्ल या दुसऱ्या मेदाम्लात परतवू लागतो, त्यामुळे भरण केलेले खाद्य फार वेळ ठेवून चालत नाही.

डीएचएच्या अभावाने कोवळ्या हेरिंग माशांची मंद प्रकाशातील दृष्टी खालावते, असे स्कॉटलंडमधील संशोधकांनी १९९५ मध्ये दाखविले. जपानी यलोटेलची डीएचए न मिळालेली पिल्ले थवा करीत नाहीत, असेही आढळले. परंतु थवा मोडतो तो दृष्टीदोषाने की मेंदूच्या अपुऱ्या वाढीने, यावर मतभेद आहेत. दोन्ही ठिकाणी तेच अम्ल लागत असल्याने कारणे वेगळी काढणे कठीण जाते. वाढ खुंटण्याचा सारा दोष डोळ्यांवर टाकणे त्यामुळे घाईचे ठरेल. अटलांटिक हॅलिबटच्या डिंभांत कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांवर पोसलेल्यांची दृष्टिपटलाची घडण व अंगाचा रंग आर्टेमियावर पोसलेल्यांपेक्षा सरस निघाले (१९९९).

अ जीवनसत्त्व दृष्टीरंजकासाठी लागते. त्याचा अतिरेक झाल्यास चपट्या माशांच्या मणक्यांत व्यंग येते. टॉरीन हे अमिनो अम्लासारखे द्रव्यही आवश्यक मानतात.

भारतात चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीव संवर्धन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे बीजोत्पादन साधले. रायगडच्या खाडीकाठी हा मासा तळ्यांत पाळण्याची प्रथा जुनी असली, तरी तेथे पिल्ले खाडीतून धरून आणीत, डिंभांना खाऊ घालण्याचा प्रश्न उद्भवत नसे.