'मीटरगेज'मधला मीटर कुठून आला?

मिरजेत जुन्या माणसांशी रेल्वेचा विषय काढला की बोलणं 'मीटरगेजच्या वेळी...' असंच सुरू होतं. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. ब्रॉडगेजचं साडेपाच फूट, बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीचं अडीच फूट. मधल्या लाइनचं माप तेवढं मीटरात. इंचाफुटात सगळा कारभार करणाऱ्या इंग्रजांनी इथंच मीटर का धरला?

गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात देशासाठी साडेपाच फुटी रूळ ठरले होते. पण तो मामला खर्चिक. १८७०च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या सरकारनं दुय्यम मार्गांसाठी स्वस्तातली अरुंद लाइन काढली. आधी विचार सव्वातीन फुटांचा होता. त्याच सुमारास हिंदुस्थानात मेट्रिक मापं आणायचं घाटत होतं, म्हणून थोडं वाढवून सरळ एक मीटर केलं. १८७१ मध्ये मापांचा कायदाही झाला, पण तो अमलात काही आला नाही. सरकारी कामाची ही तऱ्हा जुनीच म्हणायची! कायदा कागदावर राहिला, रूळ मात्र पडले. दुकानात कापड मीटरवर मोजायला लागले ते १९५६च्या कायद्यानंतर. तोवर गज आणि वारच.

सदर्न मराठा रेल्वेनं पुणे, सातारा, कऱ्हाड, मिरज, लोंढा ही लाइन याच मापानं टाकली. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरचा फाटा निघाला, तोही मीटरगेजच. १९२७ मध्ये पंढरपूरकडून बार्शी लाइट मिरजेला पोचली आणि १९७०च्या दशकात पुण्याकडून ब्रॉडगेज आलं. मग काही वर्षं तिन्ही मापांच्या गाड्या मिरजेतच उभ्या राहत. एका मापाची वाघीण, म्हणजे मालाचा डबा, दुसऱ्या रुळावर चालत नाही, त्यामुळे पोतं न् पोतं हमालांच्या पाठीवरून इकडून तिकडं जायचं. प्रवाशांचीही बोचकी घेऊन तीच धावपळ.

पुढं मीटरगेज गेलं, छोटी लाइनही रुंद झाली. त्याचा उपयोग एप्रिल २०१६ मध्ये दिसला. लातूरला पाणी न्यायला कोट्याहून टँकर वाघिणी आणल्या; पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडीमार्गे त्या थेट लातूरला गेल्या. अडीच फुटी रुळांवर त्या चढल्याच नसत्या.